खजिनदारपद नाकारा, हिशेब मात्र शिकवा

पत्र

मी मूळची सांगलीची. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसजवळच्या एका उपनगरात राहते आणि वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात हिशेब विभागात नोकरी करते. आमच्याकडे वृद्धांची प्रत्यक्ष सेवा करणाऱ्यांमध्ये केनिया, सोमालिया आणि इथिओपिया इथून आलेल्या बायका पुष्कळ आहेत. मागच्या हिवाळ्यात आमची एक केनियन सहकारी अचानक गेली. तिचा मृतदेह केनियातल्या किसी नावाच्या भागातील तिच्या गावी पाठवण्यासाठी सगळ्यांनी मिळून पैसे उभे केले. मीही जमलेल्या रकमेची यादी ठेवली. आता त्यांनी कायमचा निधी काढायचे ठरवले आहे आणि खजिनदार म्हणून माझे नाव पुढे केले आहे. "तू आमच्यापैकी कुणाच्याच बाजूची नाहीस, म्हणून तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास बसेल," असे त्या म्हणतात. तूर्त पैसे माझ्याच बँक खात्यात ठेवावेत, असेही सुचवले गेले. माझ्या यजमानांना हे मुळीच पसंत नाही. पैशांचा घोळ झाला तर परक्या देशात आपण अडकू, असे त्यांचे म्हणणे आहे. सांगलीत मी सोसायटीची भिशी चालवत होते, त्यामुळे काम जमेल असे वाटते. नाही म्हटले तर त्या दुखावतील, ही भीती आहे. पुढच्या रविवारी बैठक आहे. काय करावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी निर्णय सांगते, कारणे मागाहून. खजिनदारपद स्वीकारू नका. मात्र या कामातून अंगही काढून घेऊ नका. तुमच्या मैत्रिणींना पैसे सांभाळणारे त्रयस्थ माणूस हवे आहे. पण त्यांच्या निधीला खरी गरज आहे ती हिशेब सर्वांसमोर सतत उघडा राहील अशा पद्धतीची, आणि ती पद्धत बसवून देण्याची पात्रता तुमच्याकडे आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या, की ज्या बायका तुमच्याकडे आल्या आहेत त्या या कामात नवशिक्या नाहीत. सोमाली बायका ज्याला हगबाद किंवा अयूतो म्हणतात ती तुमच्या ओळखीची भिशीच आहे: ठरलेल्या बायका ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम देतात आणि जमलेला सगळा पैसा पाळीपाळीने एकीच्या हाती जातो. इथिओपियातील लोकांत हीच पद्धत इक्कुब या नावाने चालते आणि केनियातील चामाही याच जातीचा आहे, जरी अनेक चामांची मजल एकत्रित जमीनखरेदीपर्यंत जाते. तुमच्या नियोजित निधीशी मात्र यांपैकी कशाहीपेक्षा इथिओपियातील इद्दिरचे नाते जवळचे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेड्यापाड्यांतून अदिस अबाबात पोटापाण्यासाठी आलेल्या लोकांपुढे, भाऊबंद दूर असताना घरातली मयत उचलायची कशी हा प्रश्न उभा राहिला आणि शेजाऱ्यांनी मिळून उभारलेले इद्दिर त्यातून वाढत गेले. सभासद दरमहा वर्गणी भरतात. कुणाच्या घरी मृत्यू झाला की ठरलेली रक्कम तर मिळतेच, शिवाय इद्दिरच्या मालकीचा तंबू, बाके आणि मोठाली भांडी त्या दारात येतात. सभासदांनी अंत्यविधीला हजर राहायचे असते, शोकाच्या दिवसांत त्या घरी जाऊन बसायचे असते आणि जो येत नाही त्याला दंड भरावा लागतो. पुष्कळ इद्दिरांची नियमावली लेखी असते, सभासदांची नोंद असते, पदाधिकारी निवडून दिलेले असतात. तुमच्या शुश्रूषागृहातील एखाद्या इथिओपियन सहकारिणीच्या आईवडिलांनी असा इद्दिर चालवला असण्याची शक्यता मोठी आहे. तिला बैठकीत पुढे बसवा आणि त्यांच्याकडे काय नियम होते ते सविस्तर सांगायला सांगा. त्या बैठकीतली सर्वांत उपयोगी माहिती तिच्याकडून मिळेल, तुमच्याकडून किंवा माझ्याकडून नव्हे.

सोमाली समाजात संकट आले की कुळातील माणसे वाटणीप्रमाणे पैसे काढतात, त्याला कारान म्हणतात. केनियात हरांबेच्या नावाने लोकांनी वर्गणी काढून शाळा आणि दवाखाने बांधले आणि आजही आजारपणासाठी किंवा अंत्यविधीसाठी याच रीतीने पैसे उभे केले जातात. १९९१च्या जानेवारीत सियाद बारे यांचे सरकार कोसळल्यानंतर सोमालियातून परागंदा झालेली माणसे, अनेकदा केनियातील निर्वासित छावण्यांत वर्षे काढून, मिनेसोटात पोहोचली. टर्की पक्ष्याच्या आणि इतर मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत त्यांना काम मिळाले आणि मिनियापोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड भागातील उंच इमारतींत त्यांची वस्ती वाढली. आज अमेरिकेतील सर्वांत मोठा सोमाली समाज मिनेसोटात आहे. ज्यांच्यापाशी गहाण ठेवायला काही नाही आणि ज्यांना या देशात जुनी पत नाही, त्यांच्या घरभाड्याची अनामत, जुनी मोटारगाडी आणि दुकानात भरायचा पहिला माल हे सगळे हगबादच्या पैशांतून उभे राहते. त्यामुळे तुमच्या मैत्रिणींना हिशेब जमत नाही म्हणून त्या तुमच्याकडे आल्या, असा समज मनात येऊ देऊ नका.

मग त्या तुमच्याकडे का आल्या? त्यांनीच ते सांगितले आहे: तुम्ही कुणाच्याच बाजूच्या नाही. हे वाक्य मी गंभीरपणे घेते. हगबाद चालते ती एकमेकींच्या घरात जाणेयेणे असलेल्या बायकांमध्ये. इथे मात्र तीन देशांच्या आणि त्या देशांच्या आतल्या अनेक समाजांच्या बायका एकत्र येत आहेत. सोमाली समाजात कुळांचे जुने वाद आहेत. इथिओपियात २०२० ते २०२२ या काळात उत्तरेकडील टिग्रे प्रदेशात भीषण युद्ध झाले आणि त्याची तेढ परदेशातील इथिओपियनांपर्यंत पोहोचली. मिनेसोटात इथिओपियातून आलेला ओरोमो समाज मोठा आहे आणि इथिओपियाच्या राज्यसत्तेबद्दल त्याची स्वतःची दुखणी आहेत. केनियात २००७च्या निवडणुकीनंतर जमातींमध्ये जो रक्तपात झाला, त्याची आठवण असलेली माणसे आज तुमच्या वयाची आहेत. एखाद्या वृद्धाला दोघींनी मिळून उचलून कुशीवर वळवताना हे काही आड येत नाही, पण पैशांची पेटी कुणाकडे ठेवायची म्हटले की येते. तुम्ही ती पेटी घेतलीत तर हा प्रश्न मिटणार नाही, तुम्ही तिथे असेपर्यंत तो फक्त पुढे ढकलला जाईल. मी महिला बचत गटांमध्ये पुष्कळ काम केले आहे आणि जिथे संस्थेची कार्यकर्तीच वही लिहायची तिथे तिची बदली झाली की गट बंद पडलेले पाहिले आहेत. ज्या गटांत अंगठा उठवणाऱ्या बायकांनी पहिल्या महिन्यापासून चुकतमाकत स्वतः हिशेब वाचून दाखवला ते गट टिकले. किसीच्या बाईने सोमाली बाईच्या सहीवर आणि सोमाली बाईने ओरोमो बाईच्या मोजणीवर विश्वास ठेवायला शिकणे हेच या निधीचे खरे भांडवल आहे, आणि ते तुमच्या मध्यस्थीने जमत नाही.

दुसरे कारण तुमच्या पत्रात आहे, पण तुम्ही त्याला महत्त्व दिलेले दिसत नाही. तुम्ही त्याच शुश्रूषागृहाच्या हिशेब विभागात आहात. कुणाला किती पगार मिळतो, कुणाच्या पगारातून न्यायालयाच्या आदेशाने कपात होते, कुणी किती जादा तास भरले, हे तुमच्यासमोर कामाच्या ओघात येत असणार. उद्या एखादीने वर्गणी भरता येत नाही असे सांगितले, तर तुम्ही कितीही सचोटीने वागलात तरी तिच्या मनात येईल की हिला माझा पगार ठाऊक आहे. शिवाय व्यवस्थापनाशी रजेवरून किंवा पाळ्यांवरून बोलण्याची वेळ आली तर तुमची स्थिती अवघडेल. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी तुम्हाला हे पद घेऊ देणार नाही. त्याच न्यायाने निधीची वर्गणी पगारातून परस्पर कापण्याची सोय कुणी सुचवली तर तिलाही विरोध करा; मालकाला या निधीची बित्तंबातमी असण्याचे कारण नाही.

तुमच्या यजमानांची भीती निराधार नाही, फक्त ती थोडी भलत्या जागी आहे. धोका परक्या देशाचा नसून पैसे वैयक्तिक खात्यात ठेवण्याचा आहे. दुसऱ्यांचे पैसे तुमच्या नावावरील खात्यात आले की बँकेच्या आणि करखात्याच्या दृष्टीने ते कुणाचे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. तुम्हाला काही झाले तर ती रक्कम वारसांच्या व्यवहारात अडकते. रोख रकमेबाबत तर विशेष जपावे लागते. एका दिवसात १०,००० डॉलरपेक्षा अधिक रोख भरली की बँकेला सरकारकडे अहवाल द्यावा लागतो, त्यात गैर काही नाही. पण तो अहवाल टाळण्यासाठी रक्कम मुद्दाम तुकड्यातुकड्यांनी भरणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, मग पैसे कितीही स्वच्छ का असेनात. हे भल्याभल्यांना ठाऊक नसते. तेव्हा बैठकीत एवढी गोष्ट तरी तुम्ही स्वतः समजावून सांगा.

मिनेसोटातील पूर्व आफ्रिकी माणसे बँकांच्या आणि सरकारच्या संशयाने अनेकदा पोळली आहेत, हे तुम्हाला माहीत असायला हवे, म्हणजे कागदपत्रांच्या आग्रहामागची निकड तुम्हाला त्यांच्या बाजूने कळेल. २००१च्या नोव्हेंबरमध्ये अल-बरकात या सोमाली हवाला कंपनीच्या मिनियापोलिससह अनेक ठिकाणच्या कचेऱ्यांवर छापे पडले आणि घरी पैसे पाठवण्याचा कित्येकांचा मार्ग एका दिवसात बंद झाला. ३० डिसेंबर २०११ रोजी मिनेसोटातील सनराइज कम्युनिटी बँक्स या बँकेने सोमालियात पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांची खाती, दहशतवादविरोधी नियमांच्या धास्तीने, बंद केली. तेव्हा सोमालियात दुष्काळ पडलेला होता आणि इथल्या लेकी तिथल्या आयांना पैसे पाठवू शकत नव्हत्या. २०२२ मध्ये मुलांच्या आहारासाठीच्या केंद्रीय निधीतील मोठ्या अपहाराचे खटले मिनेसोटात उभे राहिले. आरोपींत सोमाली वंशाचे लोक बरेच होते, आणि तेव्हापासून काही जणांच्या गुन्ह्याचा संशय ज्यांनी एक डॉलरही लांबवलेला नाही अशा हजारोंना सोसावा लागतो आहे. अशा वातावरणात, तोंडी विश्वासावर उत्तम चाललेल्या निधीलाही लेखी पुरावा जवळ ठेवावा लागतो. हा अन्याय आहे असे मला वाटते, पण तो आहे हे धरूनच चालले पाहिजे.

म्हणून निधीला स्वतःचे नाव, स्वतःचे खाते आणि करखात्याकडून मिळणारा स्वतःचा ओळखक्रमांक असावा; हा क्रमांक विनामूल्य मिळतो. विनानफा संस्था म्हणून नोंदणी करायची तर मिनेसोटाच्या कायद्यानुसार किमान तीन संचालक लागतात, आणि तुमच्याकडे तीन देशांच्या बायका आहेतच. मात्र दोन गोष्टी वकिलाकडून आधी तपासून घ्याव्यात. केवळ सभासदांपुरता असलेला परस्परसाहाय्य निधी हा सार्वजनिक धर्मादाय निधी नसतो, त्यामुळे देणाऱ्याला करसवलत मिळेल असे आश्वासन कुणी देऊ नये. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे: ठरावीक वर्गणीच्या बदल्यात मृत्यूनंतर ठरावीक रक्कम देण्याची हमी दिली, तर तो व्यवहार विम्याच्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. नियमावलीत हमीची भाषा न वापरता, शिल्लक पाहून समिती मदत ठरवील, असे लिहिणे अधिक सुरक्षित ठरेल. पण अंतिम शब्दरचना मिनेसोटातील वकिलाच्या नजरेखालून गेलीच पाहिजे.

खात्यातून पैसे काढण्यासाठी तिघींपैकी दोघींच्या सह्या लागाव्यात आणि त्या दोघी एकाच समाजाच्या नसाव्यात. दर महिन्याला जमा, खर्च आणि शिल्लक बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावी, इंग्रजी कच्चे असलेल्या सभासदांसाठी सोमाली, ओरोमो, अम्हारिक आणि स्वाहिली भाषांत सांगावी. प्रत्येक वर्गणीची पावती द्यावी. तुम्ही पहिले वर्षभर हिशेब तपासनीस व्हा: दर तीन महिन्यांनी वही आणि बँकेचे विवरण ताडून पाहा, चूक सापडली तर ती कुणाला न झाकता बैठकीत सांगा, आणि दोन तरुण सभासदांना शेजारी बसवून हेच काम शिकवा. वर्ष संपल्यावर तुम्ही दूर व्हाल, हे आजच इतिवृत्तात लिहून ठेवा.

निधी कशासाठी, यावर मात्र घाईने मतैक्य झाल्याचे मानू नका, कारण तिथे खरा फरक आहे. केनियन कुटुंबाला बहुधा मृतदेह मायदेशी न्यायचा असतो. त्याला हजारो डॉलर लागतात, विमान कंपनी, शवागार आणि वकिलातीची कागदपत्रे यांत दिवस जातात, आणि तोवर घरी रोज शोकसभा भरते. सोमाली मुस्लिम कुटुंबाला शक्य तितक्या लवकर, इथेच, दफन करायचे असते. त्याला रक्कम कमी लागते पण ती त्याच दिवशी हातात यावी लागते. दोघींना सारखी रक्कम देणे वरवर न्याय्य दिसते, तरी एकीचे त्यात भागत नाही आणि दुसरीला ती वेळेवर मिळत नाही. माझ्या मते पहिल्या दिवशीच्या तातडीच्या खर्चासाठी सर्वांना समान रक्कम विनाविलंब द्यावी आणि मृतदेह पाठवण्याचा उरलेला खर्च त्या वेळच्या ऐच्छिक वर्गणीतून उभा करावा, जसा तुम्ही मागच्या हिवाळ्यात केलात. दुसरा फरक व्याजाचा. धर्माने व्याज निषिद्ध मानणाऱ्या सभासदांच्या पैशांवर व्याज जमा होत असेल तर त्या बोलणार नाहीत, पण हळूहळू गळत जातील; म्हणून बिनव्याजी खाते निवडा आणि उशिराच्या वर्गणीवर टक्केवारीने दंड लावू नका. मिनियापोलिसमध्ये आफ्रिकन डेव्हलपमेंट सेंटर ही संस्था व्याजाचा प्रश्न सांभाळून छोट्या उद्योगांना अर्थसाहाय्य देत आली आहे, तिथली माणसे या बाबतीत चांगली वाट दाखवू शकतील.

वर्गणी लहान ठेवा. केनियाबाहेरील केनियन लोकांनी २०२४ मध्ये सुमारे ४.९ अब्ज डॉलर घरी पाठवले, असे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचे आकडे सांगतात, आणि त्यांतला मोठा वाटा अमेरिकेतून गेला. तुमच्या शेजारच्या टेबलावर डबा खाणारी बाई या रकमेचा भाग आहे. भावाची फी, आईचे औषध आणि चुलत्याच्या घराचे छप्पर तिच्या पगारातून आधीच वजा झालेले असते. तिला जड जाईल अशी वर्गणी ठेवलीत तर सर्वांत गरजू बाईच आधी बाहेर पडेल. सभासदांच्या यादीत नाव, फोन आणि संकटात कुणाला कळवायचे एवढेच लिहा. व्हिसा कोणता, आश्रयाचा अर्ज कुठवर आला, यांतले एक अक्षरही कुठल्याही वहीत येता कामा नये, कारण जी माहिती लिहिलीच नाही ती कुणी मागू शकत नाही.

आणि पैशांइतकाच विचार वेळेचा करा, किंबहुना तिथून सुरुवात करा. घरात मृत्यू झालेल्या बाईला त्या रात्री सर्वांत आधी लागते ती पाळी बदलून देणारी सहकारी, मुलांना शाळेतून आणणारे कुणीतरी, रुग्णालयात दुभाषी म्हणून उभे राहणारी व्यक्ती आणि इंग्रजी अर्ज भरून देणारी मैत्रीण. मिनेसोटात १ जानेवारी २०२४ पासून कामाच्या दर ३० तासांमागे १ तास, वर्षाला ४८ तासांपर्यंत, आजारपणाची भरपगारी रजा कायद्याने मिळते आणि ती कुटुंबीयाच्या अंत्यविधीसाठीही वापरता येते. तुमच्या किती सहकारिणींना हे ठाऊक आहे, ते विचारून पाहा. त्याहून अधिक रजा हवी असेल तर ती एकत्र येऊन मागण्याचा हक्क १९३५च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याने खासगी क्षेत्रातील बहुतेक कर्मचाऱ्यांना दिलेला आहे. कोण काय करू शकते याची एक यादी बैठकीतच करा. ज्या बाईला वर्गणी झेपत नाही ती कदाचित तीन भाषा बोलते, आणि रुग्णालयात तिची किंमत मोठी आहे.

सोमाली बायकांची हगबाद, केनियन बायकांचा चामा आणि इथिओपियनांचा इक्कुब या निधीत विलीन करण्याची कल्पना कुणी मांडली तर ती मान्य करू नका. त्या लहान मंडळांत जो ओलावा आणि जी जरब आहे ती मोठ्या निधीत येत नाही. त्यांना जे एकट्याने पेलत नाही तेवढेच या निधीने करावे.

राहिला प्रश्न त्या दुखावतील याचा. नुसते नाही म्हणाल तर दुखावतील. म्हणून बैठकीआधी, तुमच्याकडे प्रस्ताव घेऊन आलेल्या बाईला स्वतंत्रपणे भेटा. मागच्या हिवाळ्यात तुम्ही ठेवलेली यादी तिच्या हाती द्या आणि सांगा, की पैसे तुमच्यातल्या तिघींकडे राहतील, तपासायला मी वर्षभर येईन, आणि मी इथे नोकरीला हिशेबात असल्यामुळे पेटी माझ्याकडे असणे तुमच्याच हिताचे नाही. हे कारण खरे आहे, त्यामुळे ते सांगताना तुम्हाला अवघडण्याचे कारण नाही. यजमानांनाही त्या बैठकीला घेऊन जा. तुमच्या नावावर खाते नाही आणि तुमची सही कुठेही चालत नाही हे त्यांनी स्वतः पाहिले, तर त्यांचा विरोध उरेल असे मला वाटत नाही. बैठकीत पहिला ठराव सह्या करणाऱ्या तिघींच्या निवडीचा मांडायला सांगा, आणि ती निवड होईपर्यंत कुणाकडूनही वर्गणी हातात घेऊ नका.